शटर पडते ते कोणाच्या पोटावर?



मंदी आली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "बाजारात मागणीच नाही, त्याला कोण काय करणार?" जणू मंदी म्हणजे अवकाळी पाऊस, आभाळातून पडला आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच भिजवून गेला. आम्हाला हे साफ अमान्य आहे. काहींच्या डोक्यावर पक्के छप्पर असते आणि त्या छपराचे पाणी पन्हळ लावून खालच्या झोपडीवर सोडलेले असते. ही पन्हळ कशी बसवली जाते, हे पाहायचे असेल तर ट्रक, ट्रॅक्टर, मोटारी व दुचाकी विकणाऱ्यांच्या धंद्याकडे पाहावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये वाहनविक्रेत्यांच्या 'फाडा' या अखिल भारतीय संघटनेने स्वतःच आकडे जाहीर केले. एप्रिल २०१९ पर्यंतच्या १८ महिन्यांत २७१ शहरांतील २८६ शोरूम बंद पडल्या आणि ३२,००० जणांचे काम गेले. त्यानंतरच्या तीनच महिन्यांत आणखी सुमारे २ लाख नोकऱ्या गेल्या. हे आकडे कामगार संघटनेचे नव्हेत, मालकांचे आहेत. आणि ते फक्त शोरूमचे आहेत. शेजारचा स्पेअर पार्टवाला, ट्रकची बॉडी बांधणारा, वेल्डर, रंगारी, सीट शिवणारा यांचा त्यात हिशेब नाही.

हा धंदा चालतो कसा, ते समजून घेऊ. कारखान्यातून गाडी विक्रेत्याकडे रवाना झाली की कंपनीच्या वहीत ती 'विकली गेली'. गिऱ्हाइकाने ती घेतली की नाही, हा प्रश्न विक्रेत्याचा. त्या मालाचे पैसे विक्रेता बँकेचे कर्ज काढून भरतो. गाडी आवारात उभी राहिली तर व्याज त्याच्या डोक्यावर चढते. कंपनीचे महिन्याचे आकडे मात्र गुबगुबीत दिसतात! २०१८ च्या उत्तरार्धात आय.एल.अँड एफ.एस. बुडाली, बिगरबँक वित्तसंस्थांचा हात आखडला, गिऱ्हाइकाला कर्ज मिळेना. आवारे गाड्यांनी भरली. विक्रेत्याने पहिली काटकसर कशात केली? व्याजात करता येत नव्हती, जागेच्या भाड्यातही नव्हती. ती झाली मेकॅनिकच्या, धुलाईवाल्या पोऱ्याच्या आणि कारकुनाच्या पगारात.

पुढे काय झाले? सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या निकालाप्रमाणे बी.एस.-४ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० नंतर बंद होणार होती. मुदतीला आठवडा उरला असताना २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि शिल्लक माल विक्रेत्यांच्या गळ्यात पडला. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्ड कंपनीने भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. त्या वेळी 'फाडा'ने सांगितले की फोर्डच्या १७० विक्रेत्यांकडे सुमारे ४०,००० माणसे कामाला आहेत. त्याआधी २०१७ मध्ये जनरल मोटर्सने येथील विक्री बंद केली होती आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही थांबवले. तळेगावचे कामगार संघटित होते म्हणून निदान लढू शकले, त्यांची बाजू कोर्टापर्यंत गेली. शोरूममधल्या माणसांची बाजू कोण मांडणार? कंपनी म्हणते, "ते आमचे कामगार नव्हेत." विक्रेता म्हणतो, "कंपनीनेच मला बुडवले." दोघांच्या मध्ये उभा असलेला मेकॅनिक आपली पान्यांची पेटी उचलतो आणि घरी जातो.

येथे काही शहाणे विचारतील, "मालकच बुडाला, तर तो कामगाराला देणार कुठून?" त्यांना कायद्याचेच उत्तर देऊ. बंद पडलेल्या आस्थापनेतील कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळाली पाहिजे, असे औद्योगिक विवाद कायदा सांगत होता. 'अपरिहार्य परिस्थिती' दाखवून मालकाला ही भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करता येई. पण केवळ आर्थिक अडचण, तोटा किंवा न खपलेल्या मालाचा साठा ही अपरिहार्य परिस्थिती नव्हे, असेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद शिल्लक आहे. म्हणजे 'माल खपला नाही' ही सबब कायद्याला मंजूर नाही. मंजूर आहे ती फक्त व्यवहारात, कारण दाद मागणारी संघटना तेथे नाही!

आणि जी दारे होती, तीही एकेक करून अरुंद केली गेली. बंदीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती नव्या संहितेने ३०० वर नेली. शोरूम तर या अटीत कधी नव्हतीच. ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यूट कामगारांच्या प्रकरणात मोठा निकाल दिला : थकीत वेतनासाठी कामगार संघटना दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करू शकते. एक वर्षही झाले नाही, तोच २४ मार्च २०२० रोजी सरकारने या अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली. हिशेब करा. एका वर्कशॉपमधील २५ मेकॅनिकांचे प्रत्येकी तीन लाख थकले, तर बेरीज ७५ लाख. दार बंद! लहान उद्योगांना वाचवण्यासाठी ही मर्यादा वाढवली, असे सांगण्यात आले. मालक वाचावा, यास आमची हरकत नाही. लहान विक्रेता हा आमचा शत्रू नव्हे. कंपनी आणि बँक यांच्या जात्यात तोही भरडला जातो. परंतु कामगाराच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम न भरता शटर ओढणे ही अडचण नव्हे, ती अफरातफर आहे आणि फौजदारी कायदाही तिला तेच नाव देतो.

आता आपल्या रेल्वे व टपाल खात्यातील बांधवांनी विचारावे, "यात आमचा संबंध काय?" संबंध दोन आकड्यांत सांगतो. २० सप्टेंबर २०१९ रोजी मंदीवर उपाय म्हणून अर्थमंत्र्यांनी कंपनी कर घटवला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर सरकारने पाणी सोडले. पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचे व निवृत्तांचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. त्यातून ३४,४०२ कोटी वाचले, असे सरकारनेच सांगितले आणि १८ महिन्यांची ती थकबाकी देण्यास संसदेत नकार दिला. वर दिले ते कायमचे, खालून घेतले तेही कायमचे!

आणि या दोन्हींमुळे एक तरी स्कूटर जास्त खपली का? स्कूटर कोण विकत घेतो? भुसावळचा फिटर, इटारसीचा गार्ड, सिकंदराबादचा पोस्टमन. आमचा भत्ता हीच दुकानदाराची विक्री. सरकारने तो अडवला तेव्हा त्या दुकानाच्या शटरलाही हात लावला. पगारदाराचा खिसा कापायचा आणि मग 'मागणी नाही' म्हणून रडायचे, हा कोणता न्याय?

शिवाय ही मुले परकी नाहीत. रेल्वे कॉलनीत वाढलेली, आय.टी.आय. झालेली आमचीच पोरे खात्यात भरती नाही म्हणून या वर्कशॉपमध्ये जातात. बापाच्या पाठीशी संघटना आहे आणि मुलाच्या पाठीशी कोणी नाही, ही स्थिती आम्ही किती दिवस पाहणार?

आमच्या मागण्या सरळ आहेत. बाजार सोडून जाणाऱ्या कंपनीने विक्रेत्यांकडील कामगारांच्या देण्याची तरतूद आधी करावी, मग कुलूप लावावे. थकीत वेतनासाठी एक कोटीची मर्यादा लागू नसावी. शोरूममधल्या मालावर बँकेच्या आधी कामगाराच्या वेतनाचा हक्क असावा. आणि गोठवलेल्या १८ महिन्यांचा भत्ता मिळालाच पाहिजे.

पण मागण्या कागदावर राहू नयेत. आपल्या प्रत्येक शाखेने गावातील शोरूम, गॅरेज व सुट्या भागांच्या दुकानांतील कामगारांची एक तरी सभा घ्यावी. युनियनचे कार्यालय संध्याकाळी त्यांना उघडे ठेवावे. नियुक्तिपत्र, पगारपत्रक आणि निर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवा, एवढे जरी त्यांना शिकवले तरी अर्धी लढाई जिंकली. शटर पडल्यावर धावून जाण्यात अर्थ नाही. ते वर आहे, तोवरच आत जाऊन संघटना बांधली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!