ताणाची भाषा

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे माणसे व माल वाहण्याचे बरेचसे काम घोडेवाले आणि हमाल यांच्या पायांवर चालते, आणि तांबड्या मातीच्या उतारावर पाय घसरला तर गुडघ्याला खोल जखम होऊ शकते. अशी जखम भरून येण्यात रासायनिक संदेशांइतकाच यांत्रिक बलांचाही वाटा असतो, हे प्रस्तुत अंकाचे सूत्र आहे.

जखमेत शिरलेल्या तंतुजनक पेशी, म्हणजे जोडऊतीचे धागे तयार करणाऱ्या पेशी, कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना पकडून खेचतात. तो ताण धाग्यांवाटे शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि पेशीपटलातील ‘पिझो’ प्रथिनांच्या मार्गिका उघडून कॅल्शियम आत शिरले की पेशीला त्या ओढीची वर्दी मिळते. २०१० मध्ये या प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पटापूटियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. ताण वाढला की काही तंतुजनक पेशी स्नायूपेशींप्रमाणे आकुंचन पावू लागतात. ‘मायोफायब्रोब्लास्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेशी जखमेच्या कडा जवळ आणतात आणि ताण ओसरल्यावर त्यांतील बहुतेक नष्ट होतात.

मात्र सतत वाकणाऱ्या गुडघ्यावर ताण टिकून राहिल्यास त्या पेशीही टिकतात आणि व्रण जाड होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच जखमेवरील ताण कमी ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो. परंतु ज्यांचे पोट रोजच्या चालण्यावर आहे, त्यांना सक्तीच्या विश्रांतीच्या दिवसांची मजुरी कोण देणार, याचे उत्तर जीवशास्त्राला नव्हे, समाजाला द्यावे लागेल.