एका टोमॅटोची किंमत

एका हिशेबी गृहस्थांनी परसबागेचा नुकताच निकाल लावून टाकला. घरी भाजी पिकवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, मंडईत किलोभर टोमॅटोला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात घरी जेमतेम एक टोमॅटो येतो, शिवाय डास होतात, गच्ची गळते, आणि सगळेच घरी पिकवू लागले तर शेतकऱ्याने खायचं काय? शेवटच्या मुद्द्याशी त्यांचा गळा दाटून आला म्हणे. मंडईत मेथीच्या जुडीसाठी म्हातारीशी घासाघीस करताना हा गळा कुठे असतो, कोण जाणे.

आधी तो टोमॅटो पाहू. गृहस्थांनी नव्या कुंड्या घेतल्या, कोकोपीटच्या विटा आणल्या, गांडूळखताची पिशवी, परदेशी चेरी टोमॅटोचं पाकीट, वर ठिबकचा संच. हा सगळा खर्च त्यांनी एकाच हंगामाच्या टोमॅटोंवर टाकला. या न्यायाने नवा कुकर घेतला की पहिल्या दिवशीची डाळ दोन हजारांची! मग स्वतःच्या मेहनतीचा दर लावला, तोही पगाराच्या हिशेबाने. रविवारी सकाळी त्यांना हा दर कोण देतं? मंडईपर्यंत गाडी काढणं, पार्किंग शोधत दोन फेऱ्या मारणं याचा ताशी दर मात्र शून्य.

बरं, निवडलं काय, तर टोमॅटो. ऊन कमी पडलं की रुसणारा, पांढऱ्या माशीने विषाणू आणला की पानं मुरडून बसणारा. कोकणातल्या परसात टोमॅटोला कधी मानाचं पान नव्हतं. मोरीचं पाणी जिकडे जाई तिकडे अळू आणि केळ. त्यासाठी कुणी कुंडी विकत घेतली नाही. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की काम झालं. केळ एक घड देऊन संपते, पण तोवर बुडाशी मुनवे उभे असतात. केळफुलाची भाजी झाली, नैवेद्याला पानं मिळाली, हे यांच्या वहीत कुठल्या रकान्यात जातं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘पूर्वीच्या बायकांना वेळ होता.’ लोणची, पापड, गोधड्या, कुठल्याही वादात हे वाक्य हजर. पहाटे दळण, मग विहिरीचं पाणी, मग चूल, वेळच वेळ! त्यातूनही त्या भांडी घासल्याचं पाणी अळवाला वळवत.

डासांचं म्हणाल तर कुंडीखालची ताटली ओतून टाका. गच्ची गळते ती आधी बांधणाऱ्याला विचारा. आणि शेतकरी? उसाच्या पट्ट्यात कित्येक बागायतदारांच्या घरी आठवडी बाजारातून भाजी येते. परसबाग आधी त्यांनाच हवी.

आता मंडन. कांदा, बटाटा, ज्वारी बाजारातूनच येणार, घराचं पोट परसावर भरत नाही. परस कामी येतं ते चार पानांच्या गरजेला. फोडणी तडतडत असताना हात लांबवून कढीपत्ता तोडता येतो. बाजार जुडी विकतो, आणि तिची अर्धी फ्रीजमध्ये काळी पडते. वडीचं काळ्या देठाचं अळू हव्या त्या दिवशी मिळतं. शेवग्याची फुलं तर मंडईत क्वचितच दिसतात. आणि भोपळ्याचा वेल असेल तर सकाळी लवकर पाहा: मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलात लावायचे. ऊन चढलं की फुलं मिटतात. हे जमलं नाही तर तो सुपारीएवढा भोपळा पिवळा पडून गळतो, आणि तेव्हा कळतं की भाव कशाचा द्यायचा असतो.

गृहस्थांना शेवग्याची फांदी मी फुकट द्यायला तयार आहे. कुंडीत लावू नका, बुडाशी पाणी साचू देऊ नका, आणि कंबरेएवढा झाला की शेंडा खुडा. नाहीतर झाड सरळ वर जाईल आणि शेंगा लागतील त्या वरच्या मजल्यावरच्यांना.