तो पिवळा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला की "काय झालं असेल?" असं क्वचितच कुणी विचारतं. पहिला प्रश्न असतो, "बंद कसा करायचा?" आणि उत्तरही तयार असतं. बॅटरीचा टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा, नाहीतर स्कॅनर लावून कोड उडवून टाका. झालं! कोड कुठला होता ते ना सांगणाऱ्याला ठाऊक, ना गाडीवाल्याला.

माझं या बाबतीतलं मत जरा कडक आहे. ताप जास्त दिसला म्हणून थर्मामीटर झटकून ठेवला तर पोराचा ताप उतरत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

थोडं मागचं सांगतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एकाच पद्धतीचं निदानयंत्र सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ आलं, त्यातल्या चारचाकींना पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा, जास्त कडक टप्पा एप्रिल २०१३ पासून. म्हणजे आता 'जुनी' म्हणून हिणवली जाणारी दहा-बारा वर्षांची गाडीसुद्धा बोलणारी आहे. स्टिअरिंगखाली वाकून पाहा, सोळा पिनांचं एक सॉकेट दिसेल. त्यात बसणारा ब्लूटूथचा ठोकळा हजाराच्या आत मिळतो, आणि मोबाइलवर एखादं फुकटातलं अॅप चालतं.

कोडची भाषाही अवघड नाही. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा कारभार. 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी (बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचे मालक या कोडला घरचा माणूस मानतात). 'पी ०४२०' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असा गाडीला आलेला संशय. संशय हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कोड तक्रार सांगतो, कुठला पार्ट बदला ते सांगत नाही. ०४२० दिसला म्हणून कोणी थेट कन्व्हर्टरचं कोटेशन हातात ठेवलं, तर आधी सायलेन्सरच्या जोडातून गळती आहे का, ऑक्सिजन सेन्सर धड आहे का, एवढं तरी विचारा. कन्व्हर्टरच्या पैशात माणूस कुटुंबासकट कोकण फिरून येईल.

आणि खरी मौज कोडच्या शेजारी असते. कोड साठवताना गाडी त्या क्षणाचा फोटोच काढून ठेवते म्हणा ना. वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, पाणी किती तापलं होतं. मिसिंग पावसात गायमुखचा चढ चढताना झालं की कापूरबावडीच्या सिग्नलला उभं असताना, हे त्यावरून बरंचसं कळतं, आणि दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात. कोड उडवला की हा फोटोही गेला. मग मेकॅनिक अंदाजाने प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, आणि अंदाजाचे पैसे आपण देतो.

पण माझा मुख्य राग वेगळाच आहे. आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीतल्या एका काकांना जुनी गाडी घ्यायची होती. काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, आणि पहाटे रिक्षा मिळेल याचा भरवसा नाही. एफडी मोडून पैसे काढले होते. गाडी २०१४ ची, चकाचक, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मी आपला ठोकळा लावला. कोड शून्य! काका खूश. पण त्याच अॅपमध्ये एक ओळ असते, कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर. तिथे आकडा होता ९ किलोमीटर. आणि गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते, त्या जवळजवळ सगळ्या 'अपूर्ण'. म्हणजे पाटी आदल्या दिवशीच पुसलेली.

या चाचण्या पूर्ण व्हायला गाडी थोडी थंड, थोडी गरम, थोडा वेळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. आता घोडबंदर रोडवर एकसारखा वेग म्हणजे काय हो? मेट्रोचे खांब, कंटेनर आणि खड्डे यातून तो मिळतो रात्री दीडनंतर! म्हणून आम्ही गाडी दोन दिवसांसाठी मागितली. विक्रेता म्हणाला, पद्धत नाही. काकांनी बयाण्यावर पाणी सोडलं आणि घरी आले.

त्या गाडीत नक्की काय बिघडलं होतं, कुणास ठाऊक. कदाचित किरकोळ काही असेल. पण पहाटे पाच वाजता आजारी बाईला घेऊन निघालेल्या माणसाला ते आधी कळायला नको?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत प्रदूषण तपासणीला हेच सॉकेट वापरतात, आणि चाचण्या अपूर्ण असल्या तर गाडी परत पाठवतात. कोड पुसून तपासणीला येणाऱ्यांची युक्ती तिथेच संपते. आपल्याकडच्या पीयूसीत पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. गाडी स्वतः काय म्हणते ते विचारतच नाहीत. पीयूसीलाच सॉकेट जोडा असा माझा हट्ट नाही. २०१० आधीच्या गाड्यांचं काय, टॅक्सीवाल्याने खर्च कुठून करायचा, हे प्रश्न खरे आहेत. पण गाडी विकताना आपण फॉर्म २९ आणि ३० भरतो, विम्याचे आणि पीयूसीचे कागद जोडतो. त्यात एक कागद आणखी जोडायला काय हरकत आहे? कोड कोणते, आणि पुसून किती किलोमीटर झाले, बस्स. पाच मिनिटांचं काम.

तोवर ठोकळा खिशात ठेवायचा. माझा सध्या काकांकडेच आहे. रविवारी ते बोरिवलीला २०१५ ची एक गाडी बघायला जाणार आहेत, आणि तिथे पहिल्यांदा काय पाहायचं ते त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलंय.