रयतेचें वकीलपत्र

आमच्या शेतकरी-कारागीर बंधूंना वकील भेटतो तो बहुधा घरावर संकट आल्यावर. बांधाचा तंटा, कुळाचा दावा, सावकाराची जप्ती! वकीलपत्रावर अंगठा उठला कीं गांठीचा पैसा जातो व हातीं तारखा राहतात. परंतु दर पांच वर्षांनीं आपण सारे मिळून आणखी एक वकीलपत्र लिहून देतों, तें लोकसभेच्या मताचें. त्याचा जाब मात्र कोणी विचारीत नाहीं. तो विचारला तर काय घडतें, हें राम जेठमलानी यांच्या चरित्रावरून कळतें.

सिंधमधील शिकारपूर येथें १९२३ सालीं त्यांचा जन्म झाला. सतराव्या वर्षीं ते कायद्याची परीक्षा उतरले. फाळणीनंतर १९४८ सालीं निर्वासित होऊन मुंबईस आले, छावणींत राहिले आणि पुन्हां पहिल्यापासून वकिली उभारली. पुढें चोरट्या व्यापाराचा ठपका असलेल्या बड्या धेंडांचींहि वकीलपत्रें त्यांनीं घेतलीं. त्याबद्दल टीका झाली, ती आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पण आरोपी कोणीहि असो, त्याची बाजू मांडावी हा वकिलीचा धर्मच आहे.

जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली. जेठमलानी त्या काळांत बार कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्यांनीं सरकारवर उघड टीका केली. केरळांतून पकडवॉरंट सुटलें. मुंबई हायकोर्टांत नानी पालखीवाला यांच्यासह तीनशेंवर वकील त्यांच्या पाठीशीं उभे राहिले व वॉरंट तहकूब झालें. पण २८ एप्रिल १९७६ रोजीं सुप्रीम कोर्टानें चार विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, आणीबाणींत स्थानबद्ध झालेल्यास सुटकेसाठीं कोर्टाचें दार ठोठावतां येणार नाहीं. जेठमलानींनीं परदेशचा आसरा घेतला.

१९७७ सालीं मुंबई वायव्य मतदारसंघानें, म्हणजे अंधेरीकडील उपनगरांनीं, त्यांस लोकसभेवर धाडलें. पाडलें कोणास? खुद्द कायदेमंत्री हरि रामचंद्र गोखले यांस! गोखलेहि हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ति. विद्या दोघांपाशींहि होती; ती कोणाच्या कामीं आली, एवढेंच मतदारांनीं पाहिलें. त्याच लोकसभेच्या काळांत, १९७८ सालीं, चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क कोर्टांत मागण्याची वाट आणीबाणींतहि बंद करतां येऊं नये, अशी तजवीज तिनें केली. जेठमलानी १९८० सालीं पुन्हां निवडून आले. १९८४ च्या निवडणुकींत त्याच मतदारांनीं सुनील दत्त यांस पसंत केलें. पुढें ते राज्यसभेवर गेले, कायदेमंत्री झाले आणि ८ सप्टेंबर २०१९ रोजीं वारले.

बंधूंनो, कोर्टांतला वकील पैसे देणाराचा असतो. लोकसभेंतला वकील मत देणाराचा असला पाहिजे. उमेदवार दारीं आला म्हणजे त्याची सनद, जात वा गाडी पाहूं नका. आमच्या जमिनीचा, मजुरीचा, मुलांच्या शाळेचा कायदा आला तेव्हां तूं कोणत्या बाजूस हात वर केलास, तें विचारा. आणि आपल्या मुलामुलींना कायदा शिकवा. दुसऱ्याच्या तोंडून आपलें गाऱ्हाणें किती दिवस सांगावयाचें?