ओटा नवा करताय? मग मिस्त्रीला हे आधी विचारा

सुट्टी लागली की बऱ्याच घरी स्वयंपाकघराचं काम निघतं. जुना कडप्पा काढायचा, नवा ग्रॅनाइट बसवायचा. रंग कोणता, चौरस फुटाचा भाव काय, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. पण दगड कुठे आणि कसा कापणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक, हे आपण वर्गात शिकवतो. त्यात क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असते. कटर कोरडा चालवला की तिची धूळ उडते. दिसणारी जाड धूळ खाली बसते, न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते. वर्षानुवर्षं ती आत जात राहिली तर सिलिकोसिस होऊ शकतो, आणि हा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. 'क्वार्ट्झ' नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात तर सिलिका ९० टक्क्यांहूनही जास्त असू शकते. कारागिरांना होणाऱ्या या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

मग करायचं काय? माप देऊन सिंकची जागा, शेगडीची जागा आणि कडेचं मोल्डिंग शक्यतो दुकानातच, पाण्याच्या धारेखाली करून घ्या. घरी कापणं भागच असेल तर उघड्यावर, पाण्याची सोय असलेल्या मशीननेच कापायला सांगा. कारागिराला चांगला मास्क द्या. मुलांना लांब ठेवा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मिस्त्री स्वतःहून हे का सांगत नाही? कारण ओलं कापायला वेळ लागतो, चिखल होतो आणि घरमालक ओरडतो. म्हणून बोलायचं आपणच.

शिक्षकांनो, हाच ओटा गणितातही आणा. १० फूट लांब, २ फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचं वजन किती? घनता २.७ धरली तर सुमारे ९० किलो! हे उत्तर काढणाऱ्या मुलाला जिन्यावरून ती लादी वर आणणारी माणसं दिसू लागतील. त्यांच्या श्वासाची काळजीही मग त्याला वेगळी शिकवावी लागणार नाही. फक्त काम सुरू होताना घरातल्या मोठ्यांनी त्याच्यादेखत एवढं म्हणावं, "चिखल झाला तरी चालेल दादा, पाणी सोडूनच कापा."