वेष पालटून येणारा आजार

मुलाचा ताप थर्मामीटर दाखवतो. त्याच्या मनाचा आजार मात्र बहुधा वेष पालटून येतो. सोमवारी शाळेच्या वेळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही, म्हणून घरात त्याला ‘नाटक’ म्हणतात. चिंताविकारात ते पोट खरोखरच दुखत असते. किशोरवयातील नैराश्यही अनेकदा उदासीऐवजी चिडचिडीतून प्रकटते. दुकानात बसायला सांगताच अंगावर येणारा मुलगा उद्धट ठरतो. त्याची झोप उडाली आहे, मित्र सुटले आहेत, हे कोणी जोडून पाहत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मनोविकार आढळले होते.

जैन घरांत एक वेष विशेष फसवा ठरतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पर्युषणात एकासणे करते, सारे घर अनुमोदना करते, ते योग्यच. परंतु पर्व संपल्यावरही घास मोजले जातात, पारण्याच्या दिवशी चेहऱ्यावर धास्ती दिसते, वजनकाटा दिवसातून चारदा पाहिला जातो, पाळी थांबते आणि वाळलेल्या देहालाही ती स्थूल म्हणते, तेव्हा ते तप नव्हे. तो अनोरेक्सिया असू शकतो, आणि मनोविकारांत तो अत्यंत प्राणघातक गणला जातो. तपाने देहाची आसक्ती सुटावी. येथे मन अहोरात्र देहाच्या आकारातच अडकलेले असते. तत्त्वार्थसूत्रातही तप यथाशक्तीच सांगितले आहे. अशा मुलीच्या पुढच्या पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांची भेट व्हावी. महाराजसाहेबांना वस्तुस्थिती सांगितली, तर तेही तिला आग्रह करणार नाहीत.

पुढे स्थळे पाहताना अडचण येईल, या भीतीने कित्येक कुटुंबे वर्षे दवडतात. थकलेल्या उधारीची चौकशी आठवड्यात करणारे घर येथे मात्र थांबून राहते. वास्तविक प्रारंभ नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडूनही करता येतो. चिंताविकाराची बरीच मुले केवळ संवादोपचाराने, औषधांवाचून सुधारतात. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. ‘मी नसलो तर बरे’ असे मूल बोलले, तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.

खर्चाविषयी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आरोग्य विम्यात मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. तथापि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च पुष्कळ पॉलिसींत बसत नाही. नूतनीकरणापूर्वी ते कलम वाचून घ्यावे.