आंदोलनातले गुन्हे : एक वाढीव कलम किती महागात पडतं?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड सुरू झाली. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला राज्य सरकारचं अपील फेटाळलं. ही लढाई समाज डोळ्यांत तेल घालून पाहतो आहे.

पण कुठल्याही बंदनंतर जी पोरं जामिनावर जिवंत घरी येतात, त्यांचं पुढे काय होतं? हार घालून स्वागत होतं, फोटो निघतात, आणि गुन्हा तसाच राहतो. त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय हे घरच्यांनाच काय, अनेकदा त्या पोरालाही माहीत नसतं.

बेकायदेशीर जमाव म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १८९, दंगा म्हणजे १९१. साध्या दंग्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो जामीनपात्र आहे. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला, म्हणजे जुनं ३५३ आणि आताचं १३२, यालाही दोन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, पण ते अजामीनपात्र आहे. इथपर्यंत गोष्ट हाताबाहेर गेलेली नसते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी नोटीस देऊन बोलवावं, असं कायदाच सांगतो. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावून सांगितलं आहे.

मग त्याच दगडफेकीच्या फिर्यादीत कलम १०९ येतं, म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७. किंवा दुकानातून काही गेल्याचं सांगून ३१० येतं, म्हणजे दरोडा. पाच माणसं असली की चोरीचा दरोडा व्हायला फार काही लागत नाही. या एका ओळीने सगळं बदलतं. नोटिशीचं संरक्षण जातं. खटला सत्र न्यायालयात जातो. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत आणि कुणी जखमी असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, दरोड्यालाही जन्मठेपेपर्यंत. आणि जन्मठेपेची शक्यता आली की आरोपपत्र दाखल करायची मुदत ६० दिवसांवरून ९० दिवसांची होते. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या पोरासाठी हे वाढीव ३० दिवस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे. मात्र दिवस पहिल्या रिमांडपासून मोजले जातात आणि आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. वकील त्या दिवशी गाफील राहिला तर हक्क गेला.

माझ्या मते सगळ्यात धोकादायक शब्द कलमांत नाहीत, फिर्यादीच्या शेवटी असतात : ‘व इतर २०० ते ३०० अनोळखी इसम’. या दारातून नंतर कुणाचंही नाव आत येऊ शकतं. त्याला जोड मिळते कलम १९० ची, म्हणजे जुन्या १४९ ची. जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण त्याचा दोषी. ‘मी दगड मारलाच नाही’ हा बचाव इथे एकटा पुरत नाही. तो जमावाचा भाग होता की नुसता उभा होता, हा खरा प्रश्न. १९६४ च्या मसाल्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात एकट्या साक्षीदारावर न विसंबता किमान दोन-तीन साक्षीदारांचा सुसंगत पुरावा पाहणं योग्य मानलं. म्हणून त्या वेळेची कामावरची हजेरी, बसचं तिकीट, दुकानाचं सीसीटीव्ही चित्रीकरण पहिल्या आठवड्यातच मिळवायला हवं. नंतर ते पुसलं जातं.

जामिनानंतरचा काळ तर कुणी मोजतच नाही. पोरगं कामासाठी चाकणला किंवा सुरतला जातं, तारीख चुकते, वॉरंट निघतं. जामिनावर असताना विनाकारण हजर न राहणं हा स्वतः एक गुन्हा आहे, कलम २६९, एक वर्षापर्यंत शिक्षा. दुसरा फास कबुलीचा. ‘दंड भरून मोकळा हो, कशाला हेलपाटे?’ असा सल्ला देणारे कोर्टाच्या आवारात पुष्कळ भेटतात. दंड भरला की माणूस मोकळा होत नाही, तो दोषसिद्ध होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी निर्दोष सुटका आणि पाचशे रुपयांचा दंड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भरतीच्या साक्षांकन नमुन्यात गुन्हा लपवणं हेही तसंच. २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार खोटी माहिती देणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. गुन्हा किरकोळ असेल तर नियोक्ता चूक माफ करू शकतो, पण ती त्याची मर्जी. खरं लिहिलं तरी नोकरीची हमी नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. पासपोर्टला न्यायालयाची परवानगी लागते, ते त्या मानाने सोपं. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी ठाण्यात पोहोचवा.

आणि वकिलाचे पैसे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कोठडीतल्या कुणालाही मिळतो. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं. आपल्या संघटना मोर्चाच्या परवानगीसाठी जेवढी धावपळ करतात त्याच्या निम्मी जरी या कार्यालयाच्या पायरीपर्यंत केली तरी बराच फरक पडेल.

राहिला ‘गुन्हे मागे घेण्याचा’ प्रश्न. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतरही हे शब्द आपण पुष्कळ ऐकले. मंत्र्याने घोषणा केल्याने खटला संपत नाही. सरकारी अभियोक्त्याला स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. नव्या संहितेच्या कलम ३६० नुसार पीडिताचं म्हणणंही ऐकावं लागतं. तोवर तारखा चालूच. आपल्या मुलाचा गुन्हा मागे घेण्याच्या यादीत आहे का, हे विचारायला गेलं की पहिला प्रश्न येतो : पोलीस ठाणं कोणतं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, वर्ष कोणतं? तो नंबर आज किती घरांत लिहून ठेवलेला आहे?